शिवाचे वीस हात

वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिणेच्या अंगाला रावण बसलेला आहे. दहा तोंडं, वीस हात, आणि अख्खा कैलास तो गदागदा हलवतोय. वर पार्वती दचकून शिवाला बिलगली आहे. शिव मात्र निवांत. पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून बसलाय. औरंगाबादच्या एका महाविद्यालयात मी बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. दर हिवाळ्यात मुलांची सहल वेरूळला न्यायची आणि या शिल्पासमोर थांबून एक गोष्ट सांगायची, असा माझा शिरस्ता होता. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९७७ साली एक लेसर उभा राहिला. त्याचे किरणझोत वीस, म्हणून बारसं केलं ‘शिवा’. “आता मोजा, वीस हात कुणाला आहेत?” मुलं मोजायची आणि हसायची. पण एका वर्षी मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग त्या वीस हातांनी पर्वत हलला का?”

बसची वेळ झाली होती. “नाही,” एवढंच म्हणून मी निघाले. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्याची सुरुवातही एका डोंगरापासूनच होते.

१९५७ साली लिव्हरमोरमध्ये एडवर्ड टेलरच्या भोवतालच्या मंडळींत एक अचाट कल्पना घोळत होती. डोंगराच्या पोटात प्रचंड पोकळी कोरायची, तिच्यात हायड्रोजन बॉम्ब फोडत राहायचे आणि त्या उष्णतेवर वीज करायची. जॉन नकोल्स या तरुणाकडे हे तपासायचं काम आलं. त्याने प्रश्न उलटा केला. एवढा मोठा स्फोट कशाला? संमीलन होईल असा लहानात लहान स्फोट किती लहान करता येईल? गणित करत करत तो मिलिग्रॅमच्या घरातल्या थेंबापर्यंत आला. एवढ्याशा थेंबाला काडी लावायची कशी, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मे १९६० मध्ये थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला आणि काडी सापडली. रशियात बासोव्ह आणि क्रोखिन हेही त्याच दिशेने विचार करत होते.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड भाऊ. त्यांची केंद्रकं एकजीव झाली की ऊर्जा सुटते. पण त्यासाठी कोट्यवधी अंशांचं तापमान लागतं, आणि इतका तापलेला थेंब लगेच उधळतो. उधळण्याआधी जळून घ्यायला हवं. यावर नकोल्सचा उपाय होता तो नुसतं तापवण्याचा नव्हे, दाबण्याचा. घनता दसपट वाढवली तर लागणारं इंधन शंभर पटींनी कमी होतं. १९७२ च्या सप्टेंबरात त्याने आणि तीन सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हे उघडपणे मांडलं. तोवर बरंचसं गुप्त होतं, कारण ही सगळी विद्या बॉम्बच्याच कुळातली. द्रवरूप हायड्रोजनच्या दहा हजार पट घनता गाठता येईल, असा त्यांचा दावा होता. किलोज्यूलच्या घरातल्या लेसरवर भागेल, अशी त्या काळी आशा होती. हे दोन्ही आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत.

मी एम.एस्सी.ला पुण्यात होते तेव्हा जयकर ग्रंथालयात ‘सायंटिफिक अमेरिकन’चा जून १९७४ चा अंक हाताला लागला होता. त्यात एमेट, नकोल्स आणि वुड यांचा याच विषयावरचा लेख. मला तो वाचून वाटलं, झालंच की! आमच्या पिढीला अशी घाई असणं स्वाभाविक होतं. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी सांगून ठेवलं होतं की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत येईल. दोन दशकं म्हणजे १९७५. त्या हिशेबाने सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. मे १९७४ मध्ये मिशिगनमधल्या केएमएस फ्यूजन या खासगी कंपनीने काचेच्या इवल्याशा पोकळ गोळीवर दोन लेसर झोत सोडले. दोन अंडाकार आरशांनी ते सगळीकडून गोळीवर वळवले होते. दाबलेल्या इंधनातून न्यूट्रॉन निघाले. कंपनीचा मालक कीव्ह सीगल मार्च १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देत असतानाच कोसळला आणि गेला. साहस, पैसा आणि सरकारशी भांडण या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने अंगावर घेतल्या होत्या.

आता मूळ अडचणीकडे येते. प्रकाश गोळीवर पडला म्हणजे तो गोळीत गेला, असं नसतं.

झोताची पहिली झुळूक लागताच गोळीचा पृष्ठभाग उकळतो आणि भोवती प्लाझ्माचं ढगासारखं कवच तयार होतं. पुढचा सगळा प्रकाश या ढगातून वाट काढत येतो. आषाढीला पंढरपुरात पुढे सरकून बघा. आधी चालता येतं, मग खांद्याला खांदा लागतो आणि एका ठिकाणी पाऊलच उचलत नाही, तिथून माघारी. प्रकाशाचंही तसंच. एक मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश एका घनसेंटिमीटरमध्ये एकावर एकवीस शून्यं एवढे इलेक्ट्रॉन असतील तिथवर जातो आणि परततो. या हद्दीला क्रांतिक घनता म्हणतात. वाटेत जेवढा मुरेल तेवढाच आपला. मुरण्याची सरळ रीत अशी: प्रकाश इलेक्ट्रॉनला हलवतो, हलता इलेक्ट्रॉन आयनाला धडकतो, हालचालीची उष्णता होते. पण ढग विरळ आणि तापलेला असला की धडका कमी होतात. मग प्रकाश आडमार्गाने ऊर्जा देतो. तो प्लाझ्मात लाटा उठवतो, काही इलेक्ट्रॉन त्या लाटांवर स्वार होतात आणि भन्नाट वेगाने आत घुसतात.

या आडमार्गाच्या अभ्यासात एक काश्मिरी नाव ठळक आहे. प्रेधिमान कृष्ण काव यांनी अठराव्या वर्षी दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. घेतली आणि ते प्रिन्स्टनला जॉन डॉसनकडे गेले.  धडका पुरेशा नसतानाही लेसरने प्लाझ्मा विलक्षण कसा तापतो, यावर दोघांचा १९६९ चा निबंध आजही उद्धृत होतो. पुढे गुजरातेतल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव कधी आलं नाही, ते मी फळ्यावर लिहायची.

हे भन्नाट इलेक्ट्रॉन काय करतात? इंधन दाबलं जाण्याआधीच ते त्याला तापवून ठेवतात. सायकलचा पंप मारताना तळवा तापतो ते आठवा. थंड हवा मुकाट्याने दबते. आधीच तापलेली हवा उलट ढकलते. गंमत अशी की सुरुवातीच्या प्रयोगांत हेच इलेक्ट्रॉन वरदान वाटले होते. झोत दोनच असले तरी ते गोळीभोवती धावून उष्णता सगळीकडे सारखी पसरवत, काचेची भिंत आतबाहेर फुटे, न्यूट्रॉन भरपूर निघत आणि गोलाईची चिंताच उरत नसे. लिव्हरमोरच्या जेनस आणि आर्गस लेसरांवर असे प्रयोग झाले. पण यात घनता फारशी वाढत नव्हती. फुकट मिळालेली गोलाई दाबाच्या मुळावर आली होती.

शिवाचं नेमकं हेच झालं. वीस झोत, दहा किलोज्यूल, नॅनोसेकंदाच्या आत. १९७८ पासून तो पुऱ्या जोराने चालला. द्रवाच्या पन्नास ते शंभर पट घनता गाठली, पण नकोल्सच्या आकड्याच्या आसपासही पोचला नाही. एक मायक्रॉनचा प्रकाश मुरायचा कमी आणि उपद्रव जास्त करायचा. १९८१ अखेर शिवा मोडून जागा रिकामी केली. त्याआधी ‘ट्रॉन’ या चित्रपटाचं चित्रण तिथे झालं होतं. तेवढा तो पडद्यावर अमर आहे. म्हणून मी त्या मुलीला “नाही” म्हटलं.

पण “नाही”मधून जे कळलं ते मोलाचं होतं. पॅरिसजवळच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लहान लेसरांवर शांतपणे मोजमाप झालं. तरंगलांबी कमी करत गेलं की शोषण चढत जातं, पाव मायक्रॉनवर तर नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचतं. तरंगलांबी तिसऱ्या हिश्श्यावर आणली तर क्रांतिक घनता नऊपट होते. प्रकाश गर्दीत आणखी आत शिरतो, तिथे धडका भरपूर. पण तिसऱ्या हिश्श्यावर आणायचं कसं? अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १९८० साली त्याची व्यवहार्य युक्ती साधली. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकांच्या दोन चकत्या झोताच्या वाटेत ठेवायच्या. पहिलीतून काही अवरक्त प्रकाश हिरवा होतो, दुसरीत हिरवा आणि उरलेला अवरक्त मिळून अतिनील. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता क्षण हाच. प्रचंड इमारती, कोट्यवधी डॉलर आणि पुराणातली नावं एकीकडे, आणि मिठासारख्या स्फटिकाच्या दोन चकत्या दुसरीकडे. शिवानंतरच्या नोव्हा लेसरचा आराखडा त्यापायी बदलला. झोत दहावर आणले आणि प्रकाश अतिनील केला. त्या बदलात निम्मी ऊर्जा जाते, ती जाऊ दिली.

मुरण्याचा प्रश्न असा निम्माअधिक सुटला आणि गोलाईचा उघडा पडला. इलेक्ट्रॉन आता उष्णता पसरवायला धावत नव्हते. झोत जसा पडेल तसाच दाब बसणार.

माझी मावशी डिंकाचे लाडू वळायची. तिच्या लाडवावर बोटाचा ठसा म्हणून दिसायचा नाही, माझ्या लाडवावर पाचही बोटं उमटलेली. मी विचारलं की म्हणायची, “दाबू नकोस, फिरव.” गोळी दाबताना फिरवायची सोय नाही, तिला एक कोट्यंश सेकंदाहूनही कमी अवधी असतो. हिशेब बघा. गोळीची त्रिज्या एक मिलिमीटर; ती आक्रसून तीस मायक्रॉनवर यायची. एका बाजूचं कवच दुसरीपेक्षा फक्त एक टक्का जास्त वेगाने निघालं, तर मिलिमीटरभराच्या प्रवासात ते दहा मायक्रॉन पुढे जाईल. शेवटच्या तीस मायक्रॉनांत दहाची चूक म्हणजे गोळी नव्हे, भलतंच काहीतरी. कवचाचा वेग सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर. त्या वेगाने औरंगाबादहून नागपूर सव्वा सेकंदावर आहे. ध्रुवांकडून जास्त दाब बसला तर गोळीचं थालीपीठ होतं, कमरेकडून बसला तर काकडी. तिकडचे शास्त्रज्ञही खाण्याचेच शब्द वापरतात, पॅनकेक आणि सॉसेज.

शिवाय प्रत्येक झोत स्वतःच खडबडीत असतो. आमच्या प्रयोगशाळेत हेलियम-निऑनचा लाल ठिपका भिंतीवर पाडला की मुलं डोळे चोळायची, कारण ठिपक्यात वाळूसारखे कण वळवळताना दिसतात. तेच कण मोठ्या लेसरातही असतात आणि गोळीच्या अंगावर तेवढेच बारीक ओरखडे काढतात. यावरचे उपाय वेगवेगळ्या देशांत निघाले. वॉशिंग्टनमधल्या नौदलाच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये झोताची सुसंगती मुद्दाम मोडायची वाट दाखवली. जपानात ओसाकाला काटो यांनी १९८४ मध्ये काचेची अशी पट्टी वापरली की झोताचे हजारो तुकडे वेगवेगळ्या कलेत येतात. रॉचेस्टरवाल्यांनी १९८९ मध्ये झोतात किंचित रंगांचा पट्टा मिसळून ते कण इतक्या झपाट्याने सरकवले की सरासरीत गुळगुळीत झाले. म्हणजे मावशीचं “फिरव”. रॉचेस्टरचा ओमेगा लेसर १९९५ पासून साठ झोतांनी गोळीवर थेट मारा करतो.

लिव्हरमोरने दुसरी वाट धरली होती, बॉम्बच्या विद्येतून आलेली आणि म्हणून नव्वदच्या दशकापर्यंत बरीचशी झाकलेली. गोळीला प्रकाश लावायचाच नाही. सोन्याच्या सेंटिमीटरभर लांब डबीत ती मधोमध टांगायची. झोत डबीच्या दोन टोकांच्या भोकांतून आत जाऊन भिंतींवर आदळतात, भिंती क्ष-किरणांनी तळपतात आणि त्या तीस लाख अंशांच्या भट्टीत गोळी सगळीकडून भाजते. जर्मन शब्द आहे ‘होलराउम’, पोकळ खोली. चुलीवर थेट ठेवण्यापेक्षा कुंभाराच्या आव्यात ठेवल्यासारखं. नोव्हा १९९९ पर्यंत चालला, बरंच शिकवून गेला, पेटलं मात्र काही नाही.

मग आली नॅशनल इग्निशन फॅसिलिटी. १९९७ मध्ये बांधकाम सुरू, २००९ मध्ये उद्घाटन, १९२ झोत, साडेतीन अब्ज डॉलर. तिचं मुख्य काम अणुचाचण्या बंद झाल्यावर बॉम्बांचा साठा तपासत राहण्याचं आहे. विजेच्या स्वप्नाबरोबर हेही वाचकाला सांगितलं पाहिजे, ते बातम्यांत बहुधा गळतं. २०१२ पर्यंत पेटवण्याची मुदत होती, ती टळली.

का टळली, हे त्या डबीत डोकावलं की कळतं. झोत आदळला की सोन्याची भिंत उकळून आत फुगते आणि कमरेकडे जाणाऱ्या आतल्या झोतांची वाट अडवते. भिंत थोपवायला डबीत हेलियम भरला, तर त्या वायूत प्रकाश विखरून मागे फिरायला लागला. शिवाला ग्रासणारं कुळ पुन्हा हजर. आतले झोत कमजोर पडले म्हणजे कमरेकडून दाब कमी, म्हणजे थालीपीठ. इथे एक खुबी साधली. डबीच्या तोंडाशी सगळे झोत एकमेकांना छेदतात. तिथे प्लाझ्मात बारीक लाटांची जाळी तयार होते आणि एका झोतातली ऊर्जा दुसऱ्यात वाहून जाते. प्लाझ्माच्या चौकटीत पाहिलं तर जास्त तांबूस झोताकडे. ही गळती थांबवायच्या मागे न लागता त्यांनी आतल्या आणि बाहेरच्या झोतांच्या रंगात नॅनोमीटरच्याही आतला फरक ठेवला. तो फरक कमीजास्त केला की आतल्यांना किती वाटा मिळणार ते ठरतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, तसं. फक्त या चोराने हिशेब चोख ठेवला. पुढे हेलियमही बराच कमी केला आणि गोळी प्लास्टिकऐवजी हिऱ्याची केली.

गोळीच्या आत बर्फाचा थर असतो, ड्युटेरियम-ट्रिटियमचा, उणे अडीचशे अंशांच्याही खाली. तो सारखा जाडीचा कोण करतो? कुणीच नाही. ट्रिटियम किरणोत्सारी आहे. स्वतःच्या किंचित उष्णतेने तो ऊबदार राहतो. जिथे थर जाड तिथे आतला पृष्ठभाग जास्त उबदार, तिथलं बर्फ उडतं आणि पातळ जागी जाऊन बसतं. लॉस अॅलमॉसमध्ये १९८८ साली हे दिसून आलं. माणसांनी गोलाईसाठी एवढा आटापिटा केला आणि बर्फाने ती आपण होऊन आणली. इंधन भरायची नळी मात्र माणसाचीच. दोन मायक्रॉनांपर्यंत बारीक केली तरी तिचा डाग दाबात दिसतोच.

ऑगस्ट २०२१ मध्ये १.३ मेगाज्यूल निघाले आणि सगळे उठून उभे राहिले. मग तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तर निम्म्यावरच. कृती तीच, हात तेच. गोळीतल्या सूक्ष्म खड्ड्यापोकळ्या तेवढ्या वेगळ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये जाड कवचाची गोळी आणि आठ टक्के जास्त लेसर ऊर्जा घेऊन बघितलं, १.२ मेगाज्यूल, कारण गोळी चपटली होती. डिसेंबरसाठी आतल्या झोतांकडे जाणारा वाटा जुळवून घेतला. ५ डिसेंबरला तिथल्या रात्रीच्या एक वाजून तीन मिनिटांनी २.०५ मेगाज्यूल आत गेले आणि ३.१५ बाहेर आले. १९७२ मधली किलोज्यूलची आशा हजारो पटींनी महाग पडली होती, आणि पन्नास वर्षांनी.

आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन तेहतीस झाले होते. मी काय करत होते आठवत नाही. डिसेंबर होता, बहुधा डिंक तळत असेन. आठवड्याने बातमी जाहीर झाली त्या संध्याकाळी फोनवर एक निरोप आला. मागे उभी असायची ती मुलगी, आता स्वतःच शिकवते. “मॅडम, हलला पर्वत.” त्या एका प्रयोगासाठी विजेच्या तारांमधून सुमारे तीनशे मेगाज्यूल ओढले गेले होते. मी लिहिलं, “तीनशेपैकी तीन.”

तिचं उत्तर लगेच आलं. “तुम्ही अजून मार्क कापताच.”